काउंटरवरचा ठिपका

चष्म्याच्या दुकानात सकाळी आल्या आल्या आधी दिवे लावायचे आणि मग फ्रेमा पुसायच्या, असा क्रम होता. हल्ली मात्र जो तो डबा हातात तसाच धरून मॅनेजरच्या टेबलाकडे जाई. तिथल्या स्क्रीनवर प्रत्येक विक्रेत्याच्या नावापुढे एक ठिपका असे. गोडबोल्याच्या नावापुढे हिरवा आणि धाकटीच्या नावापुढे लाल. आजही लालच होता.

धाकटी हे तिचं घरचं नाव. तिच्या वडिलांनी एकदा दुकानात फोन करून "धाकटी आहे का?" असं विचारलं आणि तेव्हापासून ते नाव दुकानातही तिला चिकटलं. गोडबोल्याला त्याच्या नावासाठी कुणाच्या फोनची गरज पडली नव्हती. ते त्याने स्वतःच्या जिभेवर कमावलं होतं.

ठिपक्यांचं प्रकरण हेड ऑफिसमधून आलं होतं. तिथे कुणाच्या तरी वाचनात आलं होतं की दोन माणसांचं जमलं की ती नकळत एकमेकांची नक्कल करू लागतात. एकाने हनुवटीवर हात ठेवला की जरा वेळाने दुसराही ठेवतो. एक पुढे वाकला की दुसराही वाकतो. तेव्हा नक्कल जितकी जास्त तितका विश्वास जास्त, आणि विश्वास जितका जास्त तितकी फ्रेम महाग. एवढं कळल्यावर हेड ऑफिसला राहवेना. प्रत्येक काउंटरच्या डोक्यावर छोटा कॅमेरा आला, त्याच्यामागे कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटर दिवसभर विक्रेत्याचे आणि गिऱ्हाइकाचे हात, माना आणि भुवया मोजत बसू लागला. नक्कल भरपूर असली तर हिरवा ठिपका, बेताची असली तर पिवळा, नसलीच तर लाल.

ठिपक्यावर बोट ठेवलं की खाली कारण उमटे. मॅनेजरने धाकटीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं, "विक्रेता ग्राहकाची नक्कल करत नाही. असंबद्ध हालचाल, मनगट नाकाकडे. वारंवार."

"सर्दी झालीय का तुम्हाला?"

"नाही."

"मग नाकाशी काय करता?"

"काहीच नाही. मशीनचंच काहीतरी चुकत असेल."

गोडबोल्याने खिशातून सर्दीची गोळी काढून तिच्यासमोर धरली. "घे, मॅडम. मशीन कशाला खोटं बोलेल? माझंच बघ ना."

मॅनेजर माणूस वाईट नव्हते. त्यांनी धाकटीला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की महिनाअखेरपर्यंत ठिपका लालच राहिला तर हेड ऑफिस तिची बदली करणार. हेड ऑफिसच्या शहरात काचा घासायचं वर्कशॉप आहे, तिथे. "काम वाईट नाही," ते म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणून नसतं. नाकाशी हवं ते करा."

ते शहर रोज जाऊन-येऊन करण्याच्या अंतरावर नव्हतं. एरवी धाकटी गेलीही असती. काचा बोलत नाहीत, हल्ली तिला ते बरंच वाटलं असतं. पण घरी बाबा होते.

आई गेली त्याला वर्ष व्हायचं होतं. बाबांनी जन्मभर नकाशे काढायची नोकरी केली होती आणि त्यांचं सगळं रेघेत असे. जेवणही. आता ते धाकटी येईपर्यंत ताट घेत नसत आणि ती आली की "आत्ताच भूक लागली बघ" म्हणत. मध्ये एकदा दुकानाच्या कामासाठी ती दोन दिवस बाहेरगावी गेली होती. परत येऊन पाहते तो करून ठेवलेलं सगळं फ्रिजमध्ये जसंच्या तसं, झाकणंसुद्धा उचललेली नव्हती. बाबा म्हणाले, बाहेर खाल्लं. कुठे, ते त्यांना सांगता येईना. त्यामुळे बदलीचं तिने घरी काढलंच नाही. काढलं असतं तर ते म्हणाले असते, जा, माझं काय अडतंय. आणि मग झाकणं तशीच राहिली असती.

नक्कल शिकणं एवढा एकच मार्ग उरला होता, आणि सरावाला घरात एकच माणूस होतं.

त्या रात्री जेवताना बाबांनी कान खाजवला. धाकटीने जरा थांबून कान खाजवला. बाबांनी पेला उचलला, तिनेही उचलला. बाबा खिडकीकडे बघू लागले, तीही बघू लागली. खिडकीत आईचा चष्मा अजून तसाच होता. धाकटी ज्या दुकानात काम करते तिथलाच, आणि म्हणून आईच्या दृष्टीने सदोष. "तुमच्या दुकानाचा चष्मा नाकावर राहत नाही," ही तिची कायमची तक्रार होती, आणि धाकटी दर रविवारी त्याच्या काड्या आवळून देत असे. आईचे हात सदा ओले. भांडी, कुंड्या, नाहीतर कपडे. काचेला ओली बोटं लागू नयेत म्हणून ती चष्मा भलत्याच तऱ्हेने वर सारायची. पुढे पुढे हात कोरडे असले तरी तसंच, विशेषतः काही लपवायचं असलं की. "दुखतंय का गं?" असं विचारलं की आधी चष्मा वर जाई आणि मग "छे" येई.

बाबांनी मान वळवली तेव्हा धाकटीनेही वळवली. आता बाबांनी अगदी सावकाश चमचा उचलून वाटीवर आडवा ठेवला. तिने ठेवला. त्यांनी एक भुवई वर केली. तिला एकच भुवई वर करणं जमत नसे, म्हणून तिने दोन्ही केल्या.

"माझं काही चुकलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही तर."

"मग चिडवतेस कशाला?"

"मी? मी कुठे काय केलं?"

बाबा ताट घेऊन उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूर राहणाऱ्या थोरलीला फोन लावला आणि आपण चमचा ठेवला की धाकटीही कसा चमचा ठेवते ते सविस्तर सांगितलं. थोरली म्हणाली की दुःख कुणाचं कसं बाहेर पडेल सांगता येत नाही, विचारायला जाऊ नका, नुसतं लक्ष ठेवा. झालं. बाबा लक्ष ठेवू लागले. ते टक लावून बघतात म्हणून धाकटी अवघडू लागली, ती अवघडते म्हणून बाबांची काळजी वाढू लागली, आणि घरात दोघंही एकमेकांसमोर अगदी ताठ, हात मांडीवर ठेवून बसू लागली. सराव तिथेच संपला.

दुकानात मात्र तिने नेट धरला. पहिल्या आल्या त्या एक मुख्याध्यापिका. त्यांची डावी पापणी सारखी फडफडत होती, म्हणूनच त्या नंबर तपासायला आल्या होत्या. धाकटीनेही पापणी फडफडवली. बाईंनी हातातली फ्रेम खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे असं करणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करते. इथे कुणाला सांगायचं?" त्यांना मॅनेजरकडे पाठवण्यात आलं. दुपारी मान आखडलेला एक ट्रक ड्रायव्हर आला. त्याची मान डावीकडे कललेली, म्हणून धाकटीचीही. समोरची तिरपी आहे की फ्रेम तिरपी बसलीय, हे त्याला कळेना. बघायला तो आणखी कलला, तीही आणखी कलली. शेवटी दोघांचे कान खांद्याला टेकले. "तुमच्या दुकानात सगळं वाकडंच दिसतं," असं म्हणून तो निघून गेला.

संध्याकाळी मॅनेजरच्या टेबलावर तिच्याविरुद्ध दोन तक्रारी होत्या आणि स्क्रीनवर तिचा ठिपका पिवळा होता. मॅनेजर एकदा तक्रारींकडे आणि एकदा ठिपक्याकडे बघत राहिले.

मशीनबद्दल दुकानात आदर वाढला तो वॉचमनच्या जांभईमुळे. जेवणानंतर दारातल्या वॉचमनने अशी काही जांभई दिली की आत धाकटीला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला एकदमच जांभई आली. तिचा ठिपका राखाडी झाला आणि खाली अक्षरं उमटली, 'दोन्ही व्यक्ती एकाच वेळी एकच हालचाल करत आहेत. एकमेकांची नक्कल नाही. तिसऱ्या कुणाची तरी आहे. ती व्यक्ती कॅमेऱ्यात दिसत नाही. कॅमेरा नीट करा. तोपर्यंत नोंद धरली जाणार नाही.' मॅनेजर स्टुलावर चढले, कॅमेरा वळवत वळवत दारापर्यंत नेला, आणि स्क्रीनवर वॉचमन आला, तोंड अजून उघडंच.

"काय हुशार आहे बघा," मॅनेजर स्टुलावरूनच म्हणाले. वॉचमन त्या दिवसापासून रस्त्याकडे तोंड करून जांभया देऊ लागला.

मग गोडबोल्याच्या बहिणीचं घर बदलायचं निघालं आणि तो रजेवर गेला. त्याच्या काउंटरवर मॅनेजरने धाकटीला बसवलं. दुकानातला सगळ्यात मोठा आरसा तिथे होता, विक्रेत्याच्या खुर्चीला लागूनच, गिऱ्हाइकाला समोर स्वतःला बघता यावं म्हणून. पहिल्याच दिवशी एक आजीबाई आल्या. त्यांनी एकामागून एक फ्रेमा चढवल्या, उतरवल्या, गाल फुगवून पाहिले, ओठ मुरडून पाहिले. धाकटी काड्या साफ करत खाली मान घालून बसली होती. शेवटी आजीबाई म्हणाल्या की आपल्या तोंडाला चष्माच शोभत नाही, आणि काही न घेता गेल्या.

ठिपका हिरवागार होता.

धाकटीने आरशाकडे पाहिलं, मग वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि तिला उलगडा झाला. कॅमेरा आजीबाईंना बघत होता आणि आरशातल्या आजीबाईंनाही बघत होता. त्याला वाटलं होतं, ही दुसरी म्हणजे विक्रेती, आणि काय जमलंय दोघींचं!

तिने जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगितलं की परत आपल्या काउंटरवर, तिथून परत लाल, आणि तिथून वर्कशॉप. ती गप्प बसली. गोडबोल्या येईपर्यंत रोज हिरवा येत राहिला, आणि इतकी लाल बाई अशी हिरवी झालेली पाहून मॅनेजरच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांनी तिला न विचारता हेड ऑफिसला कळवलं. हेड ऑफिसने कळवलं की आम्ही बघायला येतो.

आल्या त्या एक बाई, हातात छोटी बॅग, चेहऱ्यावर परतीच्या गाडीची घाई. येताना त्यांनी कॉम्प्युटरसाठी नवा प्रोग्राम आणला होता. त्यांचं म्हणणं असं की काही दुकानांत लोक मुद्दाम नक्कल करू लागले आहेत. खरी नक्कल जरा उशिरा येते आणि अर्धवट असते. त्याच क्षणी आणि तंतोतंत आली तर ती बनावट. नव्या प्रोग्रामला ते ओळखता येत होतं.

प्रोग्राम चालू झाला. गोडबोल्याच्या नावापुढे काळा ठिपका आला आणि मशीन टूं टूं वाजू लागलं. बाईंनी वाचलं, "विक्रेता त्याच क्षणी तंतोतंत नक्कल करतो. बनावट." मग त्यांनी मान वर केली. "कुठे आहेत हे?"

गोडबोल्या रस्त्यापलीकडे चहा पीत होता. काचेतून सगळ्यांना दिसत होता. त्याच्या काउंटरवर एक कॉलेजची मुलगी एकटीच गॉगल लावून आरशात बघत होती.

मॅनेजर आरशाजवळ गेले, त्यांनी हात हलवला, मशीन टूं टूं वाजलं, त्यांनी हात खाली घेतला. चहा पिऊन आलेल्या गोडबोल्याला झाला प्रकार सांगितला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस मी कुणी नव्हतोच?" आणि आयुष्यात प्रथमच त्याला पुढचं वाक्य सुचलं नाही.

"आणि तुमचा हिरवाही इथलाच," बाई धाकटीकडे वळल्या.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

धाकटीने आरशाकडे पाहिलं. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि निकाल लावून टाकला. धाकटीने आपल्या काउंटरवर बसावं, तिथे आरसा नाही. जे पहिलं गिऱ्हाईक येईल त्याच्याशी बोलावं. लाल किंवा काळा आला तर सोमवारपासून वर्कशॉप. हिरवा आला तर मात्र त्यांची चूक त्या मान्य करतील आणि तिला सगळ्या दुकानांना शिकवायला नेतील.

"शिकवायचं कुठे?" धाकटीने विचारलं.

"हेड ऑफिसला. वर्कशॉपच्याच इमारतीत, वरचा मजला."

म्हणजे दोन्हीकडून गाडी एकच होती, फक्त जिना चढायचा की नाही एवढाच प्रश्न होता. धाकटी खुर्चीत बसली. तिला पिवळा हवा होता. फार जमलं नाही पाहिजे आणि अजिबात जमलं नाही असंही नको. जन्मात कुणी मागितला नसेल असा बेताचा ठिपका ती मनोमन मागत होती.

दार उघडलं आणि बाबा आत आले.

ते लक्ष ठेवायला आले होते. बरेच दिवस ठरवत होते, आज धीर झाला होता. आत बघतात तो धाकटी पांढरीफटक, तिच्या मागे एक अनोळखी बाई हातात बॅग घेऊन उभी, आणि सगळं दुकान तिच्याकडे बघतंय. बाबांनी अंदाज केला की ही डॉक्टर. आपण वडील आहोत हे कळलं तर आपल्याला बाहेर बसवतील. म्हणून ते थेट काउंटरपाशी गेले आणि परक्या माणसासारखे म्हणाले, "अहो, जरा चष्मा बघता का? सैल झालाय."

वडिलांच्या तोंडचं ते "अहो" ऐकून धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. पण बाईंनी मागून "हं, करा सुरू" म्हटलं, आणि तिने चष्मा हातात घेतला. काड्या घट्ट होत्या. त्या तिनेच रविवारी आवळल्या होत्या. आता रविवारी आवळायला हा एकच चष्मा उरला होता.

तिने तो पुसला आणि परत बाबांच्या नाकावर बसवला. कान खाजवायचा नाही, भुवई वर करायची नाही, पण अगदी पुतळ्यासारखंही बसायचं नाही. ती इतकी जपून श्वास घेत होती की बाबांचा जीव खालीवर होऊ लागला.

"तुम्ही जेवलात का?" तिने विचारलं. विक्रेत्याने विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण दुपार उलटून गेली होती.

"तुम्ही बऱ्या आहात ना?" बाबांनी नेमकं त्याच वेळी विचारलं.

दोघांचे उजवे हात एकदम वर गेले. दोघांनी मनगटाची पालथी बाजू नाकाच्या शेंड्याला लावून खालून वर सारली.

"छे, मला काय झालंय," ती म्हणाली.

"छे, केव्हाच," ते म्हणाले.

बाबांचा चष्मा मुळीच घसरला नव्हता आणि त्यांचे हात कोरडे होते. धाकटीच्या नाकावर तर चष्माच नव्हता. तिने आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग बाबांच्या मनगटाकडे पाहिलं. तेही तिच्याच हाताकडे बघत होते.

"झोप लागते ना नीट?" बाबांनी जरा वेळाने विचारलं. आवाज वेगळाच आला.

"तुम्हाला?"

पुन्हा दोन मनगटं वर गेली.

मशीनने टूं टूं केलं नाही. नुसता एक बारीक आवाज आला आणि धाकटीचा ठिपका राखाडी झाला. बाई पुढे झाल्या आणि वाचू लागल्या. तंतोतंत नाही, म्हणून बनावट नाही. एकमेकांची नक्कल नाही. दोघं तिसऱ्याच कुणाची तरी करत आहेत. ती व्यक्ती कॅमेऱ्यात दिसत नाही. कॅमेरा नीट करा.

"वॉचमन!" मॅनेजर ओरडले.

वॉचमन रस्त्याकडे तोंड करून उभा होता. त्याने शपथेवर सांगितलं की सकाळपासून त्याने एकही जांभई दिलेली नाही. मॅनेजर स्टूल घेऊन आले आणि चढले. कॅमेरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, छताकडे केला, फरशीकडे केला. गोडबोल्याने काउंटरखाली वाकून पाहिलं. तिसरी व्यक्ती आहे, असंच स्क्रीन म्हणत राहिला.

बाईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मशीन खोटं बोलतं असं त्यांना म्हणता येत नव्हतं, कारण ते त्यांनीच आणलं होतं. राखाडी ठिपक्याची नोंद धरायची नाही हा नियमही त्यांचाच होता. "कॅमेरा नीट होईपर्यंत हा काउंटर आहे तसा राहू दे," त्या बॅग उचलत म्हणाल्या. "कुणाला कुठे हलवायचं ते मग बघू. ती कोण आहे ते सापडलं की मला कळवा."

दार लोटून त्या गेल्या. धाकटी अजून तशीच बसली होती, हात काउंटरवर. बाबांनी आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला, जरा उशिरा, जरा अर्धवट.

मॅनेजर अजून स्टुलावरच होते. कॅमेरा आता नेमका बाबांच्या खांद्यामागच्या मोकळ्या जागेवर रोखलेला होता. "काका, माफ करा," ते वरून म्हणाले, "जरा बघता का? तुमच्या मागे कुणी उभं आहे का?"

बाबांनी सावकाश मागे वळून नीट पाहिलं. मग मनगटाने चष्मा वर सारला.

"छे," ते म्हणाले.